चार पिशव्या, दोनशे पिशव्या

भाचा दिवाळीला लातूरहून आला, तेव्हा माझ्या ड्राय बाल्कनीत धिंगरीच्या चार पिशव्या टांगलेल्या होत्या. त्यातल्या एकीला भरघोस घोस आलेला होता, दुसरीला मी आदल्याच दिवशी ब्लेडनं चिरा दिल्या होत्या. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. बॅग ठेवली, पाणी प्यायला आणि मोबाइलवर काढलेला शेडचा नकाशा त्यानं माझ्यापुढे धरला.

"दोनशे पिशव्या बसतात, आत्या. बांबू घरचा, सोयाबीनचं भुसकट घरचं. फक्त बियाणं आणि ट्रेनिंग विकत घ्यायचं. माल तेच लोक उचलणार. तसं लिहून देतात."

मी विचारलं, "तू धिंगरी खाल्लीस का कधी?"

"हॉटेलात मशरूम मसाला खाल्लाय."

"ते बटन मशरूम. हे वेगळं."

"मला कुठं खायचंय? मला विकायचंय."

आमचा वाद तिथे सुरू झाला आणि तो गावी परत जाईपर्यंत चालला. तो इथे मांडते आहे, कारण त्याच्यासारखा विचार करणारी मुलं मला आता तालुक्या-तालुक्यांत भेटतात आणि त्यांना शेडचा नकाशा दाखवणारे पुष्कळ असतात, ओलं काड हातात देणारं कुणी नसतं. माझं म्हणणं असं की पहिल्या खेपेला चार पिशव्या करायच्या, त्याही घरात, जाता-येता नजर पडेल अशा जागी. आणि त्या चार पिशव्यांची सगळी धिंगरी घरात शिजवून संपवायची. त्याचं म्हणणं असं की चार पिशव्या हा पगार असलेल्या माणसाचा छंद आहे.

"तुझं ठीक आहे," तो म्हणाला. "तुझं काही चुकलं तर तुझी भाजी हुकते. माझं वर्ष हुकतं."

"म्हणून तर म्हणते, चुकायचं ते चार पिशव्यांत चुकून घे."

"पण चूक होण्यासारखं आहे काय त्यात? भुसकट भिजवा, बियाणं टाका, पाणी मारा. व्हिडिओत शाळेतली पोरं करतात."

हे मात्र त्याचं खरं होतं आणि मी ते कबूलही केलं. खाण्याच्या आळिंबीत धिंगरीइतकी सोपी दुसरी नाही. बटनला आधी कुजवून तयार केलेलं कंपोस्ट लागतं, वर मातीचा थर लागतो आणि फळं येताना चौदा ते अठरा अंशांचा गारवा लागतो. तो आपल्याकडे यंत्राशिवाय मिळत नाही. धिंगरी सरळ काडावर वाढते. झाडाचा टणकपणा ज्या लिग्निनमुळे असतो, तेच ती फोडून खाते. जर्मनीत १९१७ साली फाल्क या शास्त्रज्ञानं ती पहिल्यांदा लाकडाच्या ओंडक्यांवर वाढवून दाखवली. भारतात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर तिची लागवड केली. ओंडक्यावरून पेंढ्यावर येणं ही फार मोठी गोष्ट होती, कारण पेंढा कुठल्याही गोठ्यात असतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आळिंबीवर कित्येक वर्षं संशोधन चालू आहे, प्रशिक्षणं होतात, आणि घरी करणाऱ्या कितीतरी जणांची सुरुवात तिथल्या साध्या पद्धतीनं झालेली आहे. माझीही तशीच झाली.

"म्हणजे सोपं आहे, हे तूच सांगतेस," भाचा म्हणाला.

"सोपं आहे. भाकरी थापणंही सोपंच आहे."

त्या रात्री आम्ही चार किलो गव्हाचं काड भिजत घातलं. काड दोन-तीन इंचांचं कापलेलं होतं, जुन्या सुती पोत्यात भरून टबात बुडवलं आणि वर पाटा ठेवला. कोरडं काड तरंगतं, त्यामुळे दाबून ठेवावं लागतं. आठ-दहा तास पाणी पिऊ द्यायचं. काड या हंगामाचं, पिवळं, पावसात न भिजलेलं हवं. काळपट पडलेलं, कुबट वासाचं काड फुकट मिळालं तरी घेऊ नये, कारण त्यात आपल्याआधीच दुसऱ्या बुरशीनं घर केलेलं असतं.

सकाळी त्याचा पहिला प्रश्न गॅसचा होता.

"हे सगळं काड तू गरम पाण्यात घालणार? दोनशे पिशव्यांना किती सरपण लागेल? ट्रेनिंगवाले सांगतात, पाण्यात फॉर्मेलिन आणि कार्बेन्डाझिम टाकायचं, सोळा-अठरा तास भिजवायचं, निथळायचं. चूल नाही, जाळ नाही."

ती पद्धत आहे. मोठ्या प्रमाणावर करणारे वापरतात आणि ठरल्या मात्रेत वापरली तर पीकही येतं. पण ज्या घरात मुलं आहेत, ज्या टबात उद्या कपडे भिजणार आहेत, तिथे फॉर्मेलिनची बाटली उघडू नये असं माझं ठाम मत आहे. त्याची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते आणि उरलेलं पाणी टाकायचं कुठे हा प्रश्न राहतोच. चार पिशव्यांसाठी गरम पाणी पुरतं. ऐंशी अंशांच्या पाण्यात तासभर. पाणी खळखळ उकळायची गरज नाही. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर घ्यावा, अंदाजावर जाऊ नये. काडातली तण-बुरशी मेली, एवढंच आपल्याला हवं असतं.

"आणि दोनशेला?"

"दोनशे पिशव्या म्हणजे दोनशे किलो कोरडं भुसकट. भिजल्यावर सहाशे किलो. दोनशे लिटरच्या पिंपात एका वेळी दहा-पंधरा किलो कोरडा माल मावतो. किती खेपा होतात बघ."

त्यानं मोबाइलवर गणित केलं आणि गप्प झाला. पण लगेच म्हणाला, "मग एकदम दोनशे भरायच्याच कशाला? रोज दहा भरायच्या."

हा मुद्दा मी लिहून ठेवला. पुढे तोच कामाचा निघाला.

गरम काड आम्ही पोत्यासकट नळाच्या पाइपला टांगून निथळत ठेवलं आणि मग धुतलेल्या ताडपत्रीवर पसरलं. इथेच मी त्याला माझी पहिल्या वर्षीची गोष्ट सांगितली. तेव्हा मला घाई होती. काड बाहेरून गार लागलं, मी भरलं. आत ढिगाच्या पोटात ते चांगलंच कढत होतं. चाळीस अंशांच्या वर बियाण्यातली बुरशी तगत नाही. आठ दिवस मी पिशव्यांकडे बघत राहिले, पांढरं काही दिसेना. नवव्या दिवशी हिरवं दिसलं. सहाच्या सहा पिशव्या गेल्या. त्या मी उकिरड्यावर नेऊन पुरल्या तेव्हा हाताला काडाचा आंबूस वास लागला होता, तो दोनदा साबण लावूनही गेला नाही. तेव्हापासून मी काडाच्या ढिगात मनगटापर्यंत हात घालून बघते. आत हाताला ऊब जाणवली तरी थांबते.

दुसरी परीक्षा मुठीची. ओलं काड मुठीत घट्ट दाबायचं. बोटांच्या फटींतून धार लागली तर पाणी जास्त. तळहात नुसता ओलसर झाला, एखाद-दुसरा थेंब बोटांच्या कडेला येऊन थांबला, म्हणजे बेतशीर. भाच्यानं दाबलं, धार लागली.

"चालेल की एवढं," तो म्हणाला.

"नाही चालणार. जास्तीचं पाणी पिशवीच्या तळाला जाऊन बसतं, तिथे हवा पोचत नाही, आणि काड सडतं."

अजून अर्धा तास पसरून ठेवलं. त्याला ते थांबणं जड जात होतं, हे दिसत होतं. मलाही एके काळी जायचं.

बियाण्याची पिशवी उघडली तेव्हा मात्र तो पहिल्यांदा जवळ येऊन बसला. पांढऱ्या तंतूंनी गच्च बांधलेले दाणे होते. त्यानं एक दाणा नखानं फोडला.

"अगं, ही तर ज्वारी आहे."

"ज्वारीच. उकडून, निर्जंतुक करून त्यावर प्रयोगशाळेत बुरशी वाढवलेली असते. काही जण गव्हावर करतात."

"म्हणजे विरजण झालं हे."

त्याच्या तोंडून हा शब्द आला याचा मला फार आनंद झाला, कारण मी नवशिक्यांना हेच सांगते. दूध तापवून कोमट करावं, चांगलं विरजण लावावं, भांडं हलवू नये. धिंगरीची सगळी रीत त्यात आली. पण त्यानं लगेच पुढचं टोक पकडलं.

"मग बियाणं दर वेळी विकत कशाला? या पिशवीतलं थोडं काढून पुढच्या पिशवीला लावायचं. दह्याचं तसंच करतो ना आपण?"

"दही आंबट असतं. त्या आंबटपणामुळे दुसरे जंतू त्यात सहसा वाढत नाहीत. उघडं पडलेलं काड आणि दाणा यांना असं कवच नसतं. एकदा जमेल, दुसऱ्यांदा हिरवी बुरशी सोबत येईल आणि तुला ती आठ दिवस दिसणारही नाही. ते काम प्रयोगशाळेत काचेमागे करतात, त्यांना करू दे. तू ताजं बियाणं घे. पांढरं शुभ्र असावं, कुठे हिरवा-काळा ठिपका नसावा, पिशवीत पाणी सुटलेलं नसावं, आणि आणल्यावर महिनाभर फ्रीजमध्ये पडून राहू नये."

ओल्या काडाच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के बियाणं लागतं. आमच्या एकेका पिशवीत साधारण तीन किलो ओलं काड बसलं, म्हणजे साठ ते नव्वद ग्रॅम बियाणं. चार बोटं काडाचा थर, हातानं दाबायचा, कडेकडेनं बियाणं पेरायचं, पुन्हा थर. बियाणं मधोमध टाकण्यापेक्षा कडेला टाकलं की तंतू कुठवर गेले ते पिशवीतून रोज दिसतं. नवशिक्याला हे दिसणं फार उपयोगाचं असतं. तोंड सुतळीनं बांधायचं आणि दाभणानं तीस-चाळीस भोकं पाडायची. मग अंधाऱ्या, वाऱ्याची झुळूक न लागणाऱ्या कोपऱ्यात पंधरा-वीस दिवस. पिशव्या एकमेकींना खेटून ठेवू नयेत. वाढताना त्या स्वतः ऊब सोडतात, आणि खेटल्या की मधल्या पिशवीचा ताप वाढतो.

"आता यांना पाणी?"

"थेंब नाही. आत जे आहे ते पुरतं. आता हात लावायचा नाही, नुसतं बघायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी टांगलेल्या पिशवीवरची धिंगरी काढायची होती. मी ती त्यालाच काढायला लावली. राखी रंगाच्या, तळहाताएवढ्या शिंपल्या एकीवर एक आलेल्या. ही साजोर-काजू जात, बावीस ते अठ्ठावीस अंशांत छान येते. कड अजून किंचित खाली वळलेली होती. हीच वेळ. कड वर उलटून पातळ, लाटेसारखी झाली की उशीर झाला. देठ बुडाशी धरून हलकेच पिळलं की सगळा घोस एकदम सुटून येतो. ओढायचं नाही, नाहीतर काडाचा गोळाही सोबत येतो. त्यानं पिळलं. हातात आलेला घोस त्यानं उलटा करून पाहिला. देठापासून कडेपर्यंत गेलेल्या त्या पातळ पातळ पाकळ्या, पुस्तकाच्या पानांसारख्या. आणि तो वास. पहिल्या पावसानंतर ओल्या लाकडाला येतो त्याच्या जवळचा, थोडा बडीशेपेकडे झुकणारा.

"बटनला असा वास नसतो," तो म्हणाला.

वजन तीनशे चाळीस ग्रॅम भरलं.

हातानं उभी चिरून, कांदा-लसणावर मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परतली आणि वर काळं मिरं घातलं. धिंगरी कच्ची खाऊ नये, नीट शिजवावी. तो दोन पोळ्या जास्त जेवला. जेवताना त्यानं व्हिडिओत ऐकलेलं विचारलं, की याने साखर उतरते का, गाठी बऱ्या होतात का. मी म्हटलं, असं सांगून विकू नकोस. ताज्या धिंगरीत नव्वद टक्के पाणी असतं. वाळवली की तिच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा प्रथिनं असतात, आणि शिजवण्याआधी तास-दोन तास उन्हात ठेवली तर ड जीवनसत्त्व तयार होतं. भाजी म्हणून एवढं पुष्कळ आहे. आजारी माणसाला औषधाची आशा दाखवून भाजी विकणं मला पाप वाटतं.

हात धुताना तो पुन्हा हिशेबावर आला.

"एका पिशवीतून तीनशे चाळीस. दोनशेतून अडुसष्ट किलो. पहिल्याच तोडीला."

"बरोबर. दोन-तीन दिवसांत अडुसष्ट किलो. ताजी धिंगरी बाहेर एक दिवस राहते, फ्रीजमध्ये तीन-चार. गावात कोण घेणार?"

"कंपनी."

यावर मात्र माझा आवाज चढला. आमच्या ओळखीतल्या एका बचत गटानं असाच करार केला होता. बायकांनी प्रत्येकी पैसे काढून किट घेतलं, पिशव्या फुलल्या, धिंगरी वाळवली. मग ओलावा जास्त आहे, रंग काळपट आहे, असं म्हणत माल परत आला आणि पुढे फोन उचलणंच बंद झालं. करारात काय लिहिलंय ते कुणी वाचलं नव्हतं. त्यात प्रतवारी ठरवायचा हक्क एकट्या घेणाऱ्याकडे होता. त्या बायकांच्या पिशव्या उत्तम होत्या, मी पाहिल्या होत्या. त्यातल्या एकीनं पुन्हा कधी काडाला हात लावला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

भाचा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला ते मला लागलं.

"आत्या, तू म्हणतेस ते बरोबर असेल. पण त्या बायकांनी चार पिशव्या केल्या असत्या, तरी त्या कुठे विकल्या असत्या? तू पुण्यात आहेस. तुझ्या सोसायटीत खाली उतरलीस तर चार गिऱ्हाइकं मिळतील. आमच्याकडे आजीच म्हणते, कुत्र्याची छत्री घरात आणायची नाही. घरात खाणारं कुणी नाही, गावात घेणारं कुणी नाही, म्हणून तर माणूस कंपनीकडे जातो. लहान करा, लहान करा, हे तुम्ही शहरातून सांगता. लहान केलेलं खपतही नाही आणि वाळवण्याइतकंही होत नाही."

त्याचं हे म्हणणं मला तेव्हा खोडता आलं नाही आणि आजही पुरतं येत नाही. धिंगरीची माहिती देणारे आम्ही सगळे उगवण्यावर खूप बोलतो, खाणाऱ्यावर कमी. विदर्भात पावसाळ्यात सात्या बाजारात आल्या की झुंबड उडते, कोकणात आणि गोव्यात वारुळावरच्या अळंबीसाठी लोक रस्त्याच्या कडेला गाड्या थांबवतात. तिथे आळिंबीची चव पिढ्यांपिढ्यांची आहे. ती वारुळावरची अळंबी वाळवीच्या सोबतीनं वाढते, तिची शेती अजून कुणाला जमलेली नाही. लातूरकडे ती सवयच नाही. तिथे आळिंबी म्हटलं की विषारी छत्रीच डोळ्यांपुढे येते, आणि आजीची भीती खोटी नाही. रानातली, ओळख नसलेली आळिंबी खाऊन माणसं दगावतात. विकत घेतलेल्या बियाण्याची धिंगरी कोणती आहे हे आपल्याला माहीत असतं, एवढाच फरक. तरीही पिशवीवर काळपट, शाईसारखी विरघळणारी, लांब बारीक देठांची छत्री उगवली तर ती आपली नव्हे. ती उपटून टाकायची, चाखून बघायची नाही.

"म्हणूनच आधी घरात शिजव," मी म्हटलं. "आजी खाणार नाही. तुझी आई खाईल. शेजारचा मास्तर खाईल. चार पिशव्यांची धिंगरी तुला फुकट वाटता येते. दोनशेची वाटता येत नाही."

"फुकट वाटून सवय लागते?"

"त्याशिवाय लागत नाही."

त्याला हे पटलं असं मी म्हणणार नाही. त्यानं विषय बदलून उन्हाळ्याचा काढला. लातूरच्या एप्रिल-मेमध्ये काय करायचं? मी स्पष्ट सांगितलं, बंद ठेवायचं. पारा चाळीसच्या वर, हवा कोरडी, आणि धिंगरीला फळं धरताना ऐंशी-पंच्याऐंशी टक्के आर्द्रता हवी. ओली गोणपाटं टांगून, खाली वाळू भिजवून काही अंश उतरवता येतात. गुलाबी धिंगरी थोडी जास्त ऊब सोसते. पण ज्या गावात मे महिन्यात प्यायला टँकर येतो, तिथे पिशव्यांवर दिवसातून चार वेळा पाणी मारायचं असेल तर ते पाणी कुणाच्या घागरीतलं, हे आधी विचारायला हवं. त्यावर तो म्हणाला, "वर्षातले आठ महिने मिळाले तरी चालतील." हे मला आवडलं. बारमाही शेडच्या नकाशावरून तो आठ महिन्यांवर आला होता.

निघायच्या आदल्या दिवशी चिरा दिलेल्या पिशवीवर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके आले. मोहरी सांडल्यासारखे. या अवस्थेला नेमानं दोन गोष्टी लागतात, ओल आणि हवा. पाणी ठिपक्यांवर मारायचं नाही. भिंतीवर, जमिनीवर, पिशवीच्या आसपास, धुक्यासारखं. आणि दिवसातून काही वेळ खिडकी उघडायची. कोंडलेल्या खोलीत देठ लांबच लांब होतात आणि टोपी गुंडीएवढी राहते. नवशिके ते बघून पाणी वाढवतात, कमी पडत असते हवा. उजेडही थोडा लागतो, पेपर वाचता येईल इतका. ऊन नको.

एक सूचना मी त्याला दोनदा केली, कारण ती मी स्वतः मोडली होती. एकदा एक सुंदर घोस फोटोसाठी म्हणून दोन दिवस जास्त ठेवला. तिसऱ्या दिवशी खालची मोरी पांढऱ्या भुकटीनं माखली होती, पिठाची चाळणी झटकावी तशी. ते बीजाणू. घरात दम्याचा त्रास असलेल्या माणसाला आठवडाभर खोकला झाला. तेव्हापासून धिंगरी झोपायच्या खोलीत ठेवायची नाही आणि कड उलटायच्या आत काढायची, हे माझ्या घरात ठरून गेलं आहे. दोनशे पिशव्यांच्या शेडमध्ये काम करणाऱ्यानं तर नाकाला फडकं बांधावंच.

जाताना मी त्याला अडीचशे ग्रॅम बियाणं दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्यानं नकाशा खोडला नव्हता. "आधी आपल्या भुसकटावर बघतो," एवढंच म्हणाला.

चौदाव्या दिवशी फोन आला, आधी फोटो, मग आवाज. तीन पिशव्या कापसासारख्या पांढऱ्या. चौथीच्या एका कुशीला हाताच्या पंजाएवढा हिरवा डाग.

"तीन राहू देत. चौथी आजच घराबाहेर काढ, लांब नेऊन पूर. उघडून बघू नकोस, उडेल."

"काढली. आत्या, चौथी मी सगळ्यात शेवटी भरली होती. तोवर भुसकट दीड-दोन तास अंगणात उघडं होतं. कोंबड्या फिरत होत्या. मलाही जेवायला बोलावलं, मी हात न धुता येऊन बसलो."

मी काही म्हणण्याआधीच तो पुढे बोलत गेला. भुसकट पसरायला आता जुन्या माजघराची फरशी धुऊन घेणार आहे. पिंप एक आहे, त्यात एका वेळी दहा पिशव्यांचं भुसकट बसतं, मोजून पाहिलं. तेवढंच भरायचं, उरवायचं नाही. आई पिशव्यांकडे रोज सकाळी बघते. मास्तरांनी अर्धा किलो आधीच सांगून ठेवलंय. वही घातलीय, तारीख, वजन, पाणी किती मारलं, कुणाला दिलं.

"आणि आजी?"

"आजी म्हणते, पिशव्या चुलीपासून लांब ठेव."

"ऐक तिचं. धुरानं वाढ खुंटते."

मग त्यानं विचारलं की डिसेंबरात भरायला पुन्हा हेच बियाणं मागवू का.

"रात्री किती उतरतं तुमच्याकडे?"

"बारा-तेरापर्यंत."

"मग साजोर-काजू नको. पांढरी फ्लोरिडा माग, तिला गारवा मानवतो. आणि बियाणं दहा पिशव्यांपुरतंच."

"आठशे ग्रॅम," तो म्हणाला. "लिहून घेतलं."